निर्मनुष्य अरण्याचे वर्णन : एक भाषिक आक्षेप

आफ्रिकेतील ज्या राष्ट्रीय उद्यानांकडे प्रवाशांचा ओघ कमी आहे, त्यांच्या वर्णनांत 'अस्पर्श', 'आदिम', 'निर्मनुष्य' ही विशेषणे वारंवार आढळतात. सेरेंगेटीसारख्या गजबजलेल्या उद्यानाशी तुलना करताना ती सहज सुचतात व निरुपद्रवी वाटतात. परंतु 'प्रवासी थोडे' ह्या विधानातून 'माणसे नाहीत' हे विधान निष्पन्न होत नाही. ह्या गल्लतीचा विचार येथे दोन स्थलनामांच्या आधारे करावयाचा आहे.

पश्चिम झांबियातील लिउवा मैदान हे पहिले उदाहरण. लोझी भाषेत 'लिउवा' ह्या शब्दाचाच अर्थ मैदान असा आहे. 'सहारा वाळवंट' म्हणताना आपण करतो तीच द्विरुक्ती येथेही झाली आहे. एका लोझी राजाने आपली काठी येथे रोवली व तिचा वृक्ष झाला, अशी आख्यायिका आहे. राजा लेवानिका ह्याने १८८० च्या दशकात हे मैदान राखीव केले आणि तेथील वन्य पशूंच्या रक्षणाचे काम रहिवाशांवर सोपविले. १९७२ मध्ये त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. गावे मात्र आजही उद्यानाच्या सीमेतच आहेत. नोव्हेंबरच्या सुमारास पावसाबरोबर विल्डेबीस्ट ह्या प्राण्यांचे प्रचंड कळप उतरतात आणि ठिपकेवाले तरस त्यांच्या मागोमाग हिंडतात. हे सारे मासेमारी व शेती करणाऱ्या माणसांच्या शेजारी घडते. चोरट्या शिकारीमुळे येथे एकच सिंहीण उरली होती. २००८ पासून बाहेरून सिंह आणून सोडण्यात आले; ती सिंहीण २०१७ मध्ये मेली. अशा भूमीस 'अस्पर्श' म्हटले, की माणसाने केलेली हानी आणि माणसानेच केलेली भरपाई ही दोन्ही दृष्टीआड होतात.

दुसरे उदाहरण पश्चिम टांझानियातील कातावी उद्यानाचे. कोरड्या ऋतूत कातुमा नदी आटते आणि उरलेल्या चिखलात शेकडो पाणघोडे एकमेकांस खेटून पडतात. वर्णनकाराची लेखणी येथे रमते, हे स्वाभाविकच आहे. पण उद्यानाचे नाव पाणघोड्यांवरून आलेले नाही. ते बेंडे लोकांच्या एका दैवी आत्म्याचे आहे. सरोवराजवळील चिंचेच्या झाडात त्याचा वास आहे, अशी श्रद्धा असून तेथे नैवेद्य ठेवले जातात.

वर्णनकारांच्या सूक्ष्म निरीक्षणाविषयी तक्रार नाही. एकांताचा त्यांना आलेला अनुभवही खराच आहे. आक्षेप आहे तो स्वतःच्या एकांतास भूमीचा गुणधर्म ठरविण्यास. आणि हा प्रश्न केवळ शैलीचा नाही. जी भूमी वर्णनात निर्मनुष्य ठरते, तेथील रहिवासी पुढे नियमांच्या भाषेत सहज 'अतिक्रमक' ठरू शकतात.

ह्या संदर्भात 'सफारी' हा शब्दही तपासण्याजोगा आहे. तो मूळ अरबी 'सफर' ह्या शब्दाशी संबद्ध असून स्वाहिलीत आजही कोणत्याही प्रवासास लागू होतो. आपल्या 'सफर' ह्या शब्दाचे मूळही तेच. तो फारसीतून आला. 'सफारी' मात्र इंग्रजीमार्गे आली आणि तिचा अर्थ वाहनातून पशू पाहण्यापुरता आकसला. स्वाहिली बोलणाऱ्याचा प्रवास त्या शब्दातून गळला आणि पाहुण्याचा तेवढा उरला. उद्यानांच्या वर्णनांतही हेच घडते. म्हणून अशा लेखनाचे परीक्षण करताना विशेषणांच्या आधी स्थलनामे वाचावीत. ती कोणत्या भाषेतील आहेत व कोणी ठेवली, एवढे विचारले तरी 'निर्मनुष्य' हा शब्द लिहिणे अवघड होईल.