नगारा आणि फेटिया

वाशीम जिल्ह्यांत आधुनिक कलासंग्रहालय पाहावयाचें तर पोहरादेवीस जावें, असें पूर्वीं कोणीं म्हटलें असतें तर आम्ही हंसलों असतों. मानोरा तालुक्यांतील हें गांव बंजारा समाजाचें तीर्थ. संत सेवालाल महाराजांची समाधि व जगदंबेचें देऊळ यांसाठीं तेथें जावयाचें. परंतु ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं तेथें बंजारा विरासत संग्रहालयाचें उद्घाटन झालें, आणि एका सुटीच्या दिवशीं आम्हीहि सहज तिकडे वळलों.

इमारत चौमजली, आकारानें नगाऱ्यासारखी. आंतील तेरा दालनांत समाजाच्या पुढाऱ्यांच्या तसबिरी आणि त्याच्या चळवळींचीं व राहणीचीं चित्रें आहेत. ज्यांनीं बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून देशभर पोंचविलें, ज्यांचा तो धंदा आगगाडीनें बुडविला, ज्यांच्यांतील कित्येकांवर गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें जन्मतःच शिक्का मारला, त्यांना आपलें असें दालन मिळावें ही गोष्ट लहान नव्हे.

तरीहि इमारतीकडे कलाकृति म्हणून पाहतांना एक शंका येते. नगाऱ्याला तो आकार शोभतो, कारण ताणलेल्या कातड्याखालीं पोकळी नसेल तर नाद घुमणार नाहीं. तोच आकार इमारतीनें घेतला कीं त्याची केवळ खूण उरते. ओळख पटते, पण त्यामागची गरज नाहींशी होते.

हा विचार घोळत असतां एक वृद्ध बंजारा स्त्री आमच्या शेजारीं येऊन तसबीर पाहूं लागली. अंगावर घेरदार फेटिया, कांचळी नि ओढणी. त्यांवर आरसे, कवड्या आणि दाट टांके. टांक्यांनीं कापडास बळकटी येते, घेरामुळें पावलाला मोकळीक मिळते; आणि ज्यांचें बिऱ्हाड बैलाच्या पाठीवर, त्यांना चित्र टांगावयास भिंत कोठली? त्यांची सारी कला अंगावरच आली. येथें रूप गरजेंतून उगवलें आहे.

आम्ही विचारलें, “आजी, हें भरतकाम कोणाचें?”

“माह्या मायचं. आता आमच्या पोरींले हे येत नाई.”

या उत्तरानें आमची रसिकता ओशाळली. कर्नाटकांत संडूर येथें लंबाणी भरतकामास भौगोलिक मानांकन मिळालें असून तें आजहि स्त्रियांना मिळकत देतें. पोहरादेवीस तें अशक्य कां असावें? तेथें चौदावें दालन निघावें. त्याला भिंती नसल्या तरी चालतील. सुई, दोरा, आणि शिकवावयास एखादी आजी, एवढें पुरे.