रामकुमारांची काशी, आमची टेकडी

यात बनारस कुठे आहे? चित्रकार आणि हिंदी कथाकार रामकुमार (१९२४-२०१८) यांच्या वाराणसीवरील चित्रांपुढे हा प्रश्न आम्हालाही पडला होता. होडी नाही, देऊळ ओळखू येत नाही, माणूस तर नाहीच. राखी, तपकिरी, काळपट चौकोन एकमेकांवर रेललेले. आमच्या लहानपणी घराच्या भिंतीवर आयतीच्या तुघऱ्याखेरीज काही नसे. तस्वीर पाहायची डोळ्यांना सवयच नाही, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली.

गेल्या वर्षी त्यांतल्या एका चित्राची छापील प्रत आम्ही आठवीच्या वर्गात नेली. शहराचे नाव सांगितले नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ये तो अपनी पहाडी है!" आमची बरीच मुले घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरची. तिथे एकाचे छप्पर संपते तिथे दुसऱ्याचा उंबरा सुरू होतो. चित्रातही एकही चौकोन स्वतःच्या जोरावर उभा नाही. एक काढला तर शेजारचा ढासळेल. आमच्याआधी हे मुलांनी ओळखले.

१९६० च्या सुमारास रामकुमार काशीला गेले ते हुसेनसाहेबांबरोबर, म्हणजे पंढरपुरात जन्मलेल्या माणसाबरोबर! त्याआधी रामकुमारांच्या चित्रांत शहरातली बेकार, उदास माणसे असत. काशीच्या अफाट गर्दीतच ती नाहीशी झाली. याला कुणी विरक्ती म्हणेल. आम्हाला ते पटत नाही. माणूस गेला, पण त्याची दाटी भिंतींनी अंगावर घेतली.

असल्फ्याचेच पाहा. २०१७-१८ च्या सुमारास स्वयंसेवकांनी टेकडीवरची दर्शनी घरे निळी, पिवळी, गुलाबी रंगवली. वर्सोवा-घाटकोपर मेट्रोतून ती सुरेख दिसतात. हंडा घेऊन चढणारी बाई दिसत नाही. इथेही माणूस गायबच. पण तो रंग दाटी झाकतो, रामकुमारांचा राखी ती उघडी करतो.

एक तक्रार मात्र आहे. काशी मदनपुऱ्याच्या विणकरांचीही आहे. कबीर तिथलाच जुलाहा. या चित्रांत जरीचा एक धागा चमकत नाही. रामकुमारांना मसणवाट दिसली, माग दिसला नाही.

हे वर्गात बोललो नव्हतो. तरी एका मुलीने, तिचे आजोबा बनारसला विणकर होते, चित्रातल्या उभ्या-आडव्या रेघांवर बोट ठेवले. "सर, ये करघा है क्या?"

आम्ही "नाही" म्हणालो. ती प्रत अजून आमच्या कपाटात आहे, आणि आता इतक्या ठामपणे "नाही" म्हणवत नाही.