मुक्त इलेक्ट्रॉन लेसर : नाव आणि आशय

प्रस्तावना

मुक्त इलेक्ट्रॉन लेसरची ओळख पाठ्यपुस्तकांत बहुधा लेसरविषयक प्रकरणाच्या शेवटी, 'आणखी एक प्रकार' म्हणून करून दिली जाते. ही मांडणी सोयीची असली तरी तिच्यामुळे विषयाचा गाभा झाकला जातो. हे साधन नावाने लेसर असले, तरी आशयाने ते इलेक्ट्रॉन शलाकेचे शास्त्र आहे.

नावाचा उगम

आवर्ती चुंबकीय क्षेत्रातून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या प्रारणाचा विचार हान्स मोट्झ यांनी १९५१ सालीच केला होता. १९७१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन मॅडी यांनी त्याच रचनेची मांडणी 'उद्दीपित उत्सर्जना'च्या पुंजवादी परिभाषेत केली आणि १९७७ साली त्यांच्या गटाने ३.४ मायक्रोमीटर तरंगलांबीवर लेसर चालवून दाखविला. तथापि मॅडी यांच्या वर्धनाच्या अंतिम सूत्रात प्लांकचा स्थिरांक उरत नाही, ही बाब अर्थपूर्ण आहे. येथे अणूंच्या ऊर्जापातळ्या नाहीत. प्रारणाच्या क्षेत्रामुळे काही इलेक्ट्रॉन मंदावतात, काही वेग घेतात आणि तरंगलांबीच्या अंतराने त्यांचे थर बनतात. अशा थरांतील इलेक्ट्रॉन एकाच कलेत प्रारण देतात; त्यामुळे तीव्रता त्यांच्या संख्येच्या नव्हे, तर संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अभिजात यामिकी व विद्युत्-चुंबकी सिद्धांत यांवरच हे स्पष्टीकरण उभे राहते.

क्ष-किरणांची कसोटी

क्ष-किरणांना लंबवत परावर्तित करणारे नेहमीचे आरसे उपलब्ध नसल्याने वर्धन एकाच फेरीत साधावे लागते. क्लॉडिओ पेलेग्रिनी यांनी १९९२ साली स्टॅनफर्डच्या रेषीय त्वरकावर असा स्रोत उभारण्याचा प्रस्ताव मांडला, १.५ अँगस्ट्रॉम तरंगलांबीचा लेसर तेथे एप्रिल २००९ मध्ये प्रत्यक्षात आला. मधल्या सतरा वर्षांतील मुख्य परिश्रम शलाकेवर झाले. प्रकाशकॅथोड बंदुकीतून निघणारा इलेक्ट्रॉनपुंज अत्यंत कमी पसरणारा असावा लागतो. तो दाबून प्रवाह सुमारे ३,००० अँपिअरपर्यंत न्यावा लागतो आणि १३.६ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेची ही शलाका शंभराहून अधिक मीटर लांबीच्या चुंबकरांगेत काही मायक्रोमीटरपेक्षा अधिक ढळू द्यावयाची नसते. यांपैकी एक अट जरी सुटली तरी वर्धन खुंटते.

नावाची बाजू

नावाच्या समर्थनार्थ असे म्हणता येईल की, निष्पन्न प्रकाश तीव्र असतो व त्याची अवकाशीय सुसंगतता उत्तम असते. हे मान्य करावे लागते. परंतु इलेक्ट्रॉनांच्या मूळ यादृच्छिक गोंगाटातून सुरू होणाऱ्या वर्धनात प्रत्येक स्पंद अनेक स्वतंत्र लघुस्पंदांचा बनलेला असतो. त्याची कालिक सुसंगतता मर्यादित राहते. म्हणजे ज्या गुणामुळे 'लेसर' हा शब्द विद्यार्थ्याच्या मनात रुजलेला असतो, नेमक्या त्याच गुणाबाबत हे नाव अधिक आश्वासन देते.

निष्कर्ष

नाव आता रूढ झाले आहे. ते बदलण्याचे प्रयोजन नाही. अध्यापनाचा क्रम मात्र बदलता येईल. आवर्ती चुंबकीय क्षेत्रातील इलेक्ट्रॉनाची गती पदवीच्या विद्यार्थ्याला लॉरेंट्झ बलावरून सोडविता येते आणि तरंगलांबीचे सूत्र विशिष्ट सापेक्षतेच्या आधारे काढता येते. विषयाचा आरंभ तेथून झाल्यास त्वरकशास्त्र हे लेसरचे साहाय्यक तंत्र नसून त्याचा पायाच आहे, हे विद्यार्थ्याच्या लक्षात येईल. अन्यथा प्रकाशाचे कौतुक होईल आणि तो ज्या शलाकेतून जन्मला ती अभ्यासक्रमाबाहेरच राहील.