वाट्याचा हिशेब

2019 सालच्या अखेरीस कोल्हापुरात मटणाच्या दरावरून मोठे आंदोलन झाले. किलोचा दर पाचशेच्या पुढे गेला आणि पेठापेठांतून लोक उठले. कृती समिती निघाली, बैठका झाल्या, दुकाने बंद राहिली, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. तांबडा-पांढरा रस्सा ही कोल्हापूरची अस्मिता, तेव्हा बकऱ्याचा दर हा नागरी प्रश्न आहे, याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती. मी तेव्हा एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवीत होते. स्टाफरूममध्ये दुसरा विषय नव्हता. एक ज्येष्ठ प्राध्यापक म्हणाले, "आता सामान्य माणसानं खायचं तरी काय?" मी गप्प बसले. आमच्या घरात या प्रश्नाचे उत्तर मला आठवते तेव्हापासून ठरलेले होते, आणि ते 2015 सालीच कायद्याने काढून घेतले होते. त्या वेळी या शहरात मोठ्याच्या मांसासाठी कृती समिती निघाल्याचे मला आठवत नाही.

हे उत्तर काय होते, ते आधी सांगते. कारण ज्या साहित्याबद्दल मला बोलायचे आहे त्याची गाठ तिथेच आहे.

आमचे गाव हातकणंगले तालुक्यातले. मटण सणाला, पाहुण्याला. एरवी घरात यायचे ते मोठ्याचे, आणि तेही पावशेर-अर्धा किलो नव्हे. पावशेर घेणाऱ्याला ते परवडतच नाही, असे आई म्हणे. चार-पाच घरे पैसे घालीत, एक माणूस बाजाराला जाई आणि गोणपाटात गुंडाळून ढीग घेऊन येई. मग वाटे पडत. प्रत्येक वाट्यात सगळे हवे: मऊ मांस, बरगडी, हाडूक, काळजाचा तुकडा, वजडी. कोणाचा वाटा कोणता हे ठरवायला एका पोराला पाठ फिरवून बसवीत आणि वाट्यावर बोट ठेवून विचारीत, "ह्यो कुणाचा?" पोर नाव घेई. त्या निवाड्यावर अपील नसे. मी पुष्कळदा ते पोर होते.

वाटा घरात आला की आईचे काम सुरू होई. काळीज आणि वजडी टिकत नाही, म्हणून ती पहिल्या दिवशी. हाडे दुसऱ्या दिवशी, पातळ कालवणाला. चरबी कढवून डब्यात, म्हणजे महिनाभर तेलाचा खर्च कमी. मांडीचे मांस लांब पट्ट्यांत कापून, मीठ-हळद चोळून, दोरीवर उन्हात, त्या चान्या. कावळा-मांजर राखायला आजी काठी घेऊन बसे. मांसात तीन हिस्से पाणीच असते. ते उडाले की पाटीभर मांस एका डब्यात मावे. हे सगळे चैत्र-वैशाखात, ऊन आहे आणि हातात मजुरी आहे तोवर. डबा उघडे तो आषाढात, मजुरी बसल्यावर. मूठभर चान्या निखाऱ्यावर भाजायच्या, वरवंट्याने ठेचायच्या, हुलग्यात टाकायच्या. सहा माणसे जेवत.

आता यात काय काय आहे ते पाहा. दर कमी असताना घेणे, एकट्याला झेपत नाही म्हणून भांडवल एकत्र करणे, नासणारे आधी आणि टिकणारे मागाहून वापरणे, उत्पन्नाच्या महिन्यातून बिनउत्पन्नाच्या महिन्यात अन्न सरकवणे. शहरातला मध्यमवर्ग फ्रीज घेऊन जे करतो ते आई दोरी आणि मीठ घेऊन करीत होती. तिला लिहिता येत नव्हते. हिशेब मात्र पक्का होता.

आणि आमच्या साहित्याने, त्याहून अधिक आमच्या समीक्षेने, या हिशेबाचे काय केले? 'बलुतं' (1978) पासून 'अक्करमाशी' (1984), 'जिणं आमुचं' (1986) पर्यंत आत्मकथनांत आमचे अन्न आले. प्रस्थापित वाचक हादरला. त्याने ते भूक म्हणून वाचले, किळस म्हणून वाचले, आणि शेवटी दया म्हणून पचवले. आपल्या समीक्षकांनी त्याला वेदना आणि विद्रोह अशी दोन नावे दिली. ती खोटी आहेत असे मी म्हणणार नाही. त्या नावांवाचून आम्ही वर्गात उभे राहू शकलो नसतो. पण त्या दोन नावांच्या मधल्या फटीतून स्वयंपाकघर गळून गेले. 'अक्करमाशी'त आजी शेणातले दाणे वेचून, धुऊन, वाळवून, दळून भाकरी करते. हा उतारा 'भुकेचे भेदक चित्रण' म्हणून किती वेळा शिकवला गेला असेल! 'भुकेचे चित्रण स्पष्ट करा' असा प्रश्न मी स्वतः परीक्षेला काढला आहे. धुणे, वाळवणे, दळणे या तीन क्रियापदांत एका बाईचे ज्ञान आहे, आणि ते ज्ञान तिच्यावर लादलेल्या अवस्थेइतकेच खरे आहे, हे मी विद्यार्थ्यांना सांगितले नाही. कारण ते मलाच सुचले नव्हते.

शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (2015) या पुस्तकाचे महत्त्व मला इथे वाटते. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या खाण्याची नोंद त्यांनी कृतीसकट केली. काय खाल्ले यापाशी न थांबता कसे केले ते लिहिले. 2024 मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर निघाले तेव्हा त्याचे मोठे कौतुक झाले. कौतुकाचा सूर मात्र पुन्हा ओळखीचा होता: अनोखे पदार्थ, विस्मृत चवी. कालपर्यंतची किळस आज अपूर्वाई झाली. दोन्हींत भाव विचारायचे राहून गेले. अमुक मांस आम्ही का खाल्ले याचे एक साधे उत्तर 'परवडत होते म्हणून' असे आहे, आणि ते का परवडत होते याचेही उत्तर आहे. बैल आपली किंमत नांगराला आधीच देऊन बसलेला असे. तो थकल्यावर शेतकऱ्याला मिळे ती उरलीसुरली रक्कम, आणि तीच आमच्या ताटातल्या मांसाची पायरी. म्हाताऱ्या जनावराचे मांस चिवट, शिजायला वेळ फार. सरपण फुकट गोळा करणाऱ्यालाच ते स्वस्त पडते. म्हणजे स्वस्ताईतही आमची मेहनत होतीच.

काही मित्र म्हणतील, बाबासाहेबांनी आपल्याला यातून बाहेर काढले, आणि तू पुन्हा तेच उगाळतेस. त्यांनी बाबासाहेब नीट वाचावेत. महाडला 1927 साली त्यांनी सोडायला सांगितले ते मेलेल्या जनावराचे मांस. पडीचे मांस फुकट होते. त्याची किंमत माणूसपणात चुकवावी लागे. ते सोडल्यावर मांस विकत घ्यावे लागले, आणि आमच्या घरांत दर नावाची गोष्ट मांसाच्या बाबतीत शिरली ती तेव्हा. हा हिशेब बाबासाहेबांना पुरता ठाऊक होता. 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात त्यांनी 'केसरी'तल्या लिखाणाची आठवण सांगितली आहे. मेलेली जनावरे ओढणे सोडल्याने महारांचे वर्षाला किती नुकसान होईल, याचा शिंगे, खुरे, हाडे, मांस असा जमाखर्च तिथे मांडला होता. एवढा फायदा असेल तर तुम्हीच का करीत नाही, असा बाबासाहेबांचा उलट सवाल होता. म्हणजे आमच्या मांसाचा हिशेब दुसऱ्यांनी मांडला तो आम्हाला जागच्या जागी ठेवण्यासाठी. तो आपला आपण मांडायला बाबासाहेबांनी कुठे मनाई केली आहे?

2015 साली काय झाले ते या हिशेबात बसवून पाहावे. 1976 च्या कायद्याने गोवधबंदी होतीच. निकामी बैल मात्र दाखला घेऊन कापता येई. 1995 मध्ये विधिमंडळाने केलेल्या दुरुस्तीला वीस वर्षांनी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळूही बंद झाले. कापणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. 6 मे 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. परराज्यात कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम आणि निर्दोषपणा आरोपीनेच सिद्ध करावा हे कलम तेवढे रद्द केले. म्हशी-रेड्याला महाराष्ट्रात बंदी नाही. पण म्हशीचे मांस हा देशाच्या निर्यातीतला मोठा माल आहे; त्याच्या दराशी व्हिएतनाम-मलेशियाचे गिऱ्हाईक जोडलेले आहे. आमच्या वस्तीतल्या चार घरांनी त्या गिऱ्हाइकाशी बाजारात बरोबरी करायची. आणि शेतकऱ्याच्या थकलेल्या बैलाची उरलीसुरली किंमतही गेली, त्याबद्दल तो कुजबुजतो. मोठ्याने बोलत नाही.

तरी दर ही अर्धीच गोष्ट. ढिगाने घेण्याला दोन गोष्टी लागतात: वाहून आणणे आणि साठवणे. सप्टेंबर 2015 मध्ये उत्तर प्रदेशात दादरीजवळ एका माणसाचा जमावाने जीव घेतला, तो घरात मांस साठवल्याच्या संशयावरून. ऑगस्ट 2024 मध्ये आपल्याच राज्यात, इगतपुरीजवळ धावत्या गाडीत, लेकीकडे डब्यातून मांस नेणाऱ्या एका म्हाताऱ्याला मारहाण झाली. म्हशीचे आहे असे तो सांगत होता. पावशेर घेऊन गुपचूप घरी जाणारा त्या मानाने सुरक्षित. डबा नेणारा, दोरीवर चान्या वाळत घालणारा उघड्यावर. म्हणजे भीतीनेही गरिबाला किरकोळीतच घ्यायला लावले, जिथे दर सर्वांत जास्त असतो. मारला जातो तो बहुतेक वेळा मुसलमान. पण मीठ लावून दोरी बांधणारा आमचा हातही तेव्हा आखडला, हे आमच्या कवितेत अजून नीट आलेले मला दिसत नाही. अन्नस्वातंत्र्याच्या घोषणा पुष्कळ आल्या. दोरी आली नाही.

आणि दोष सगळा बाहेरच्यांचा नाही. कोल्हापुरात खोली शोधताना घरमालक विचारतात, "वशाट खाता का?" बुधवार-रविवार मटण चालते, प्रश्नाचा रोख दुसरीकडे असतो. मी दर वेळी "फक्त मटण" असे सांगितले आहे. तासिकेचा पगार चार-चार महिने थकतो. हातात रोख नाही तर ढिगाने घ्यायचे कशातून? तरी पाहुणे आले की उधारीवर अर्धा किलो मटण आणायचे आणि रस्सा वाढवायचा. कालवण पुरवण्याची आईची विद्या माझ्याकडे आली, तिचा हिशेब मात्र नाही. आपल्यातली शिकलेली माणसे मोठ्याचे नाव काढले की इकडेतिकडे पाहतात. आत्मकथन असेल तर चालते, कारण ते भूतकाळात असते.

एरवीचे ब्रॉयलर आहेच. आईने एकदा त्याच्या चान्या करून पाहिल्या. दोन दिवसांत दोरीवरून उतरवून कुत्र्याला घातल्या. "त्याला अंगच न्हाई," म्हणाली.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता. रेड्याचे मांस मिळणार आहे, चार घरे तयार आहेत, पाचवे हवे आहे. "तुझा वाटा धरू का गं?" मी म्हटले, धर, पैसे पाठवते. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पैशाचं न्हाई. न्यायला येशील का? यष्टीनं डबा द्यायला कोण तयार न्हाई."