दोषाचे मोल : भूमिकाखेळातील पात्रकल्पनेविषयी

अ‍ॅरिस्टॉटलच्या ‘हॅमर्शिया’ या संज्ञेचा अर्थ मराठी समीक्षेत पुष्कळदा ‘स्वभावदोष’ असा केला जातो. नायकाजवळ हा दोष नाटक सुरू होण्यापूर्वीच, एखाद्या वस्तूसारखा, असतो असे त्यामुळे नकळत गृहीत धरले जाते. वस्तुतः ‘काव्यशास्त्रा’त ही संज्ञा कृतीतल्या चुकीकडे, प्रमादाकडे अधिक झुकते. दोष हा पात्राचा गुणधर्म मानायचा की त्याच्या हातून घडणारी घटना, हा प्रश्न म्हणूनच केवळ भाषांतराचा नाही. कादंबरीकाराने तो मनाशी कसा सोडवला हे वाचकाला दिसत नाही. टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत मात्र त्याचे उत्तर नियम म्हणून छापावे लागते. साहित्याच्या अभ्यासकाने या खेळांकडे वळून पाहावे ते यासाठी.

या खेळांची रीत साधी आहे. चार-पाच जण एकत्र बसतात. त्यांतला एक संचालक. तो जग आणि प्रसंग सांगतो. उरलेला प्रत्येक जण एकेका पात्राच्या वतीने बोलतो, निर्णय घेतो आणि निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. खेळाडू अशा रीतीने आपल्या पात्राचा लेखक, नट आणि प्रेक्षक एकाच वेळी असतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये पात्राला बळ, बुद्धी अशा सहा क्षमता होत्या. तीन फाशांवर बुद्धी कमी पडली तर ती उणीव खरी, पण तिला स्वभावाचा दोष म्हणता येत नाही.

दोषाला हिशेबात ठळक स्थान मिळाले ते १९८१ च्या ‘चँपियन्स’मध्ये आणि पुढे स्टीव्ह जॅक्सन यांच्या १९८६ च्या ‘गर्प्स’मध्ये. येथे पात्र ठरावीक गुणांच्या भांडवलावर रचायचे आणि दोष पत्करला की भांडवलात भर पडते. (दोषाच्या बदल्यात गुण! मराठी शब्दाची द्व्यर्थता येथे आयतीच कामी येते.) ‘गर्प्स’मध्ये आंधळेपणाला ५० गुण मिळतात, प्रामाणिकपणाला १०. कायदा मोडूच न देणारा प्रामाणिकपणा दोषांच्या यादीत बसावा याचे प्रथमदर्शनी हसू येते. परंतु साहसकथेत ज्याने नायकाचे हात बांधले जातात तो दोष, ही व्याख्या वाङ्मयीन दृष्ट्या मुळीच वाईट नाही. वाईट आहे ती मोबदल्याची वेळ. मोल आधी पदरात पडते, भोगणे पुढे केव्हातरी. साहजिकच समुद्र कधी लागणारच नाही अशा कथेत खेळाडू पाण्याचे भय पत्करतो. जी उणीव अडचणीत आणत नाही तिला मोल नाही, असे ‘चँपियन्स’ची परंपरा बजावत आली आहे, मात्र ते अमलात येणे संचालकाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहते. दोष कागदावर असतो, कथानकात नसतो.

याहून गंभीर बाब निराळीच आहे. चोरीची खोड असलेले पात्र सोबत्यांचीच थैली कापते आणि खेळाडू म्हणतो, त्याचा स्वभावच तसा. गुण एकाने घेतले, फेड दुसऱ्यांनी केली. कादंबरीतले गांजलेले पात्र दाद मागायला येत नाही. येथे त्या पात्राचा धनी समोरच बसलेला असतो. ‘स्वभाव’ हा शब्द अशा वेळी ढालीसारखा वापरला जातो आणि तो स्वभाव आपणच निवडला होता, हे खेळाडू सोयीस्करपणे विसरतो.

‘फेट कोअर’ने (२०१३) मोबदल्याची वेळ उलटवली. प्रत्येक पात्राला एक कायमची ‘अडचण’ असते. ती प्रसंगात आडवी यावी असे वाटले की संचालक खेळाडूपुढे एक नियतीगुण ठेवतो. घेतला तर गुंतागुंत ओढवते, नाकारायचा तर पदरचा एक मोजावा लागतो. दोष आता घडतो आणि संमतीने घडतो. टेबलावरच्या माणसांच्या दृष्टीने ही व्यवस्था निःसंशय अधिक सभ्य आहे. पण खेळाडू अडचणीची वाट पाहू लागतो. पात्र अंध, खेळाडू डोळस. नाट्यात्म उपरोध साधतो, शोकात्म भय मात्र साधत नाही. जे आपणच मागून घेतले त्याचे भय वाटणार कसे?

त्या भयाच्या सर्वांत जवळ पोचतो तो ग्रेग स्टॅफर्ड यांचा १९८५ चा ‘पेंड्रॅगन’. आर्थर राजाच्या सरदारांच्या या खेळात स्वभाव १३ विरुद्ध जोड्यांत मांडलेला आहे : दयाळू-क्रूर, विनयी-गर्विष्ठ, संयमी-चैनी आणि अशाच इतर. प्रत्येक जोडीची बेरीज २०; एक बाजू वाढली की दुसरी तेवढीच घटते. दोषासाठी मोबदला नाही आणि दोषांची वेगळी यादीही नाही. एखादी बाजू १६ वर पोचली की तिला आव्हान देणाऱ्या प्रसंगी फासा टाकावाच लागतो. शरण आलेल्या शत्रूला सोडावे असे खेळाडूला मनापासून वाटत असते. फासा क्रौर्याच्या बाजूने पडतो आणि त्याचाच सरदार त्याच्या डोळ्यांदेखत तलवार उचलतो. लेखकपण काढून घेतले जाते हा आक्षेप येथे रास्त आहे. तथापि ते १६ आले कोठून? निर्दयपणे वागल्याची खूण पत्रकावर होते, हिवाळा आला की तिचा हिशेब होतो आणि आकडा चढू शकतो. सवयीतून शील घडते, हा अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रातला विचार येथे बेरीज-वजाबाकीत उतरला आहे. गुणधर्म आणि घटना यांतले द्वैतही त्याने बरेचसे मिटते. खेळाडूला बांधणारा दोष त्याच्याच मागच्या निवडींचा साठा असतो.

‘पेंड्रॅगन’चा काळ पिढ्यांचा आहे. सरदार मेला की खेळाडू त्याच्या मुलाची भूमिका घेतो आणि बापाच्या उत्कट भावना, त्यांत शत्रूविषयीचा द्वेषही, वारशाने मुलाकडे येऊ शकतात. मुलाला त्या द्वेषाचे कारण ठाऊक असायचे कारण नाही. खेळाडूला ते ठाऊक असते. ज्या लढाईत तो द्वेष जडला ती त्यानेच खेळलेली असते.