शिकारबंदीचा अर्धा कायदा

'शिकार करणे हा गुन्हा आहे' एवढे वाक्य फळ्यावर लिहिले की वन्यजीव संरक्षणाचा पाठ बहुधा संपतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड किंवा कर्जतच्या शाळेत मात्र तो तिथेच संपू नये. त्या वर्गात एखादे पारध्याचे मूल बसलेले असू शकते. पारध म्हणजे शिकार. जमातीचे नावच व्यवसायावरून पडलेले. त्या मुलाला हे वाक्य कसे ऐकू येत असेल? म्हणून पुस्तकाचे परीक्षण करावे तसे आपण या कायद्याचेच परीक्षण करून पाहू.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ साली झाला, तेव्हा त्यात सरसकट शिकारबंदी नव्हती. काळवीट आणि माळढोक पहिल्या अनुसूचीत होते. त्यांची शिकार पूर्णपणे बंद होती. पुढच्या अनुसूचींतील प्राण्यांची वाटणी 'विशेष शिकार', 'मोठी शिकार' आणि 'छोटी शिकार' अशी केलेली होती. चितळ, नीलगाय मोठ्या शिकारीत, तर ससा, तितर छोट्या शिकारीत. प्रत्येक गटाचा परवाना वेगळा आणि प्राणी सापळ्यात धरण्याचा परवाना आणखी वेगळा.

पहिल्या अनुसूचीत दुर्मिळतेचा निकष दिसतो. पुढची वर्गवारी मात्र जुन्या शौकीन शिकाऱ्यांच्या भाषेतली आहे. ती प्राणी पाहते, पण शिकार छंदासाठी आहे की चुलीसाठी, हे पाहत नाही. शिकारीच्या व्याख्येत मारणे, पकडणे, फास लावणे, हाकणे हे सारे एकत्र येते. त्यामुळे बंदूकधारी हौशी माणूस आणि फासे मांडणारा पारधी कायद्यापुढे एकाच रांगेत उभे राहतात. पोटासाठीच्या शिकारीची कल्पना कायदा करणाऱ्यांना अपरिचित होती असेही नाही. निकोबार बेटांवरील अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क याच कायद्याच्या ६५व्या कलमाने अबाधित ठेवले आहेत.

१९९१च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने बंद झाले आणि पहिल्या चारही अनुसूचींतील प्राण्यांच्या शिकारीवर बंदी आली. जीविताला किंवा पिकाला धोका असल्यास अधिकाऱ्याने द्यावयाची परवानगी आणि असेच काही मोजके अपवाद उरले. २०२२च्या दुरुस्तीने अनुसूची सहावरून चारवर आणल्या. बंदी कायम राहिली.

ही बंदी चुकीची होती का? थोडे गणित करू. समजा, एका माळावर १०० प्राणी आहेत आणि जन्म-मृत्यूंचा हिशेब करून त्यांची संख्या वर्षाला १० टक्क्यांनी वाढते. दरवर्षी १० मारले तर संख्या स्थिर राहील. १५ मारले तर पहिल्या वर्षी ५ची घट होईल, दुसऱ्या वर्षी साडेपाचची आणि पुढे ती वाढतच जाईल. त्यातच दुष्काळ पडून वाढ थांबली तर घसरण आणखी वेगाने होईल. एका माणसाने किती मारावे हे परवान्यावर लिहिता येते. परवाने किती द्यावेत हे मात्र दरवर्षीच्या मोजणीशिवाय ठरत नाही. अशी मोजणी नसताना परवाने बंद करणे शहाणपणाचेच होते, असे आम्हाला वाटते.

पण केवळ बंदीने प्राणी वाचत नाहीत. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य १९८० साली झाले. तेथे काळविटे टिकली. माळढोकासाठी सोलापूर-अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ साली अभयारण्य झाले, तरी तो पक्षी महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला. माळरान नांगराखाली गेले, वरून विजेच्या तारा गेल्या. पक्ष्याची शिकार थांबवणे कायद्याला जमेल. त्याचे गवत टिकवण्यासाठी आणखी काही लागते.

कायद्याचा खरा दोष माणसांच्या बाजूला आहे. १८७१च्या कायद्याखाली पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. तो कायदा १९५२मध्ये देशभर रद्द झाला. पुढे चाळीस वर्षांच्या आतच त्यांचा परंपरागत व्यवसाय सरसकट गुन्हा ठरला आणि बदली उपजीविकेविषयी कायदा गप्प राहिला. २००६च्या वनहक्क कायद्यानेही पारंपरिक हक्कांतून शिकार स्पष्टपणे वगळली.

यावर पोटासाठीच्या शिकारीचे परवाने हा उपाय आहे का? अलास्कात १९८०च्या संघीय कायद्याने ग्रामीण रहिवाशांना अशा शिकारीत अग्रक्रम दिला. १९८९मध्ये तेथील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रामीण अग्रक्रम राज्यघटनेशी विसंगत ठरवला आणि १९९०पासून संघीय जमिनींवर संघ सरकारला स्वतः व्यवस्था पाहावी लागली. मूस आणि कॅरिबू अजून मोठ्या संख्येने असलेल्या त्या विरळ वस्तीच्या प्रदेशातही 'गरजू कोण' हे ठरवणे इतके अवघड गेले. आपल्या तुकड्यातुकड्यांच्या माळरानांवर ते पेलणारे नाही.

आम्हाला दुसरी वाट दिसते, आणि तिचा धडा जामखेडमध्येच आहे. १९७०पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. अक्षरओळखही नसलेल्या खेड्यांतील स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. मग ठसा, विष्ठा आणि आवाज ओळखणाऱ्या पारध्याला वन्यजीवांच्या मोजणीचे पगारी काम का मिळू नये? जी मोजणी नव्हती म्हणून परवाने बंद करावे लागले, ती करण्याचे कौशल्य याच माणसांकडे आहे.

तोवर शिक्षकांनी एक करावे. फळ्यावरचे वाक्य पुसू नये, पण त्याखाली दोन प्रश्न लिहावेत: माळावर प्राणी किती आहेत? आणि ज्याचे फासे आपण काढून घेतले, त्याच्या घरी आज चूल कशावर पेटते?