कसबे कल्याण : जुन्या वस्तीवरील लेखनाचें परीक्षण

कल्याण गांवाविषयीं लिहावयास बसलेला लेखक बहुधा पहिल्या पानावर पेरिप्लस काढतो, दुसऱ्यावर कान्हेरीचे शिलालेख, तिसऱ्यावर दुर्गाडी, आणि चवथ्या पानावर आपण पारनाक्याच्या गल्लींत उभे आहों असें वाचकास भासवितो. मधल्या हजार वर्षांत वस्ती कोठें होती, कशी होती, हें विचारण्यास तो उसंतच देत नाहीं. नांव प्राचीन, म्हणून वस्ती प्राचीन, हा हेतु न्यायशास्त्राचा आरंभींचा विद्यार्थीही सव्यभिचार म्हणून ओळखील. तरीही आमच्या स्थलवर्णनांत तो बिनदिक्कत चालत आला आहे, आणि संग्राहकांची दृष्टि त्यामुळें नको तिकडे लागली आहे.

पुरावा थोर आहे, यांत वाद नाहीं. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणारे कल्याणचे व्यापारी व कारागीर भेटतात. कल्याण येथील अंबालिका विहाराचाही तेथें उल्लेख आहे. गांवाचें नांव कलियण अशा धर्तीनें कोरलेलें आढळतें. वैयाकरणांच्या प्राकृतांत कल्लाण व्हावयाचें. पण येथें जोडाक्षर स्वरभक्तीनें फोडलें आहे, आणि ग्रीक खलाशानें कल्लिएना लिहिलें तेव्हां त्याच्या कानांवर हाच उच्चार पडला असला पाहिजे. पेरिप्लसकार सांगतो कीं, थोरल्या सारगनाच्या वेळीं येथें रीतसर व्यापार चाले. पुढें बंदर संदनाच्या हातीं गेल्यावर तो खुंटला, आणि चुकून येथें लागलेलें ग्रीक जहाज पहाऱ्यांत भडोचास नेलें जाई. सहाव्या शतकांत कॉस्मास हा कल्लिआनाचा उल्लेख करतो. तेथें इराणांतून नेमलेला ख्रिस्ती धर्माध्यक्ष होता असें म्हणतो, आणि पितळ, शिसवी लांकूड व कापड हा तेथील माल सांगतो. इतकी साक्ष कोंकणांतील थोड्याच बंदरांस लाभली असेल. परंतु ती बंदराविषयींची आहे. पारनाका, दूधनाका, बाजारपेठ ह्या मोहल्ल्यांविषयीं त्यांत एक अक्षर नाहीं. खाडीचा कांठ गाळानें सरकतो, आणि कांठाबरोबर धक्का, पेठ व वस्ती सरकते, हें कोंकणांत कोणासही सांगावयास नको.

दुसरा घोटाळा नामसाम्याचा, आणि पोथ्या जमविणारांस तो विशेष बाधतो. पुष्पिकेंत ‘कल्याण’ दिसलें कीं पोथी आपल्या कल्याणची ठरते. चालुक्यांची राजधानी कल्याण, म्हणजे हल्लींचें कर्नाटकांतील बसवकल्याण, हें निराळें. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेच्या अखेरीस ज्या कल्याणनगरीची व विक्रमादित्य राजाची स्तुति केली, ती नगरी हीच. तिचा उल्हास नदीशीं कांहीं संबंध नाहीं. शिवाय कल्याण हें मंगलवाचक सामान्यनामही आहे. ग्रंथांतीं ‘कल्याणमस्तु’ लिहिणारा लेखक आपलें गांव सांगत नसतो, एवढें तरी ध्यानांत असावें!

तिसरी गोष्ट कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची. १६५७ सालीं कल्याण-भिवंडी महाराजांच्या हातीं आली. आबाजी सोनदेवांनीं सुभेदाराची लावण्यवती सून पुढें उभी केली, आणि महाराजांनीं तिला सन्मानानें परत पाठविलें, ही कथा शाळेंत प्रस्तुत लेखकानेंही ऐकली व मोठ्या आवडीनें ऐकली. तिला समकालीन पत्राचा आधार नाहीं. ज्या मुल्ला अहमदाकडे हा प्रांत होता तो विजापूर दरबारचा बडा सरदार. कल्याणांत तो त्या वेळीं ठाण मांडून बसलेला नव्हता. महाराजांचें स्त्रीविषयक वर्तन सिद्ध करावयास ह्या कथेची गरजही नाहीं. खाफीखानासारखा प्रतिकूल लेखक, महाराजांना शिव्या देतां देतां, पाडाव स्त्रियांच्या अब्रूविषयींचा त्यांचा कडक नियम नोंदवून ठेवतो. शत्रूची अशी साक्ष हातीं असतां दंतकथेवर भार टाकणें म्हणजे खणखणीत नाणें पेटींत ठेवून मुलाम्याचें बाजारांत नेणें होय.

१८८२ सालीं कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखालीं निघालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियराविषयीं आदरानेंच बोललें पाहिजे. पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्यांचें साह्य त्यास होतें, आणि प्राचीन भाग अजूनही उपयोगी पडतो. तथापि तो ग्रंथ दौऱ्यावरच्या अधिकाऱ्याच्या नजरेचा आहे. त्याला कोट दिसतो, तलाव दिसतो, मशीद दिसते. कोटाच्या आंत कोणत्या आळींत कोणाचें घर, कोणाची पडवी कोणाच्या अंगणांत उतरते, हें दिसत नाहीं. त्याचा तो दोष नव्हे. दोष मागाहूनच्या लेखकांचा. त्यांनीं तींच वाक्यें मराठींत उतरून घेतलीं, मूळ ग्रंथाचें नांव गाळलें, आणि तींच पुन्हां ‘स्थानिक परंपरा’ म्हणून छापलीं. अशा परंपरेचें वय गॅझेटियराहून अधिक नसतें.

मग ह्या वस्तीचा खरा इतिहास कोठें आहे? आमच्या मतें तो पेशवाईच्या कागदांत आहे. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांचें नांव ठाण्याच्या कौपिनेश्वराच्या उभारणीशीं जोडलेलें आहे, तसेंच कल्याणच्या सुभेदारवाड्याशींही. रियासतकार सरदेसायांनीं १९३० ते १९३४ ह्या काळांत पेशवे दप्तरांतील निवडीचे ४५ भाग काढले. पण ती निवड राजकारणाची, मोहिमांची. घरादारांचे कागद तींत कसे यावेत? ते वाड्यांतच राहिले, आणि वाडे पाडून इमारती उठूं लागल्यावर रद्दींत जाऊं लागले.

संग्राहकांवर आमचा आक्षेप येथेंच आहे. शिक्कामोर्तब असलेलें पत्र ते जपतात, आणि मोडींतलें साधें खरेदीखत बाजूस सारतात. वस्तुतः खरेदीखताची चतुःसीमा हा वस्तीचा नकाशा आहे. पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस विहीर, उत्तरेस सरकारी रस्ता, असें प्रत्येक खत सांगतें. एका खतांतला पूर्वेचा शेजारी दुसऱ्या खतांत स्वतः विकणारा म्हणून येतो. अशीं वीस-पंचवीस खतें एकमेकांस जोडलीं तर एक आळी उभी राहील. महजर व वांटणीपत्रें मिळालीं तर तींतील माणसेंही उभीं राहतील. पारनाक्यांतला ‘पार’ म्हणजे झाडाभोंवतालचा ओटा, असा सरळ अर्थ असतां लोक पैलतीरापर्यंत कल्पना ताणतात. चतुःसीमेंत ‘पिंपळाचा पार’ असे दोन शब्द सांपडले तर वाद तेथेंच मिटेल.

मात्र मिति नीट लावली पाहिजे. सुहूर सन मृगापासून पालटतो; जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या मितीस ५९९ मिळवावयाचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला, तो खमस सबैन मया व अलफ, म्हणजे सुहूर ११७५, शके १६९६ जयनाम संवत्सर. सरसकट ६०० मिळविणारा ही गोष्ट १७७५ च्या डिसेंबरांत नेऊन ठेवील. संवत्सराचें नांव कागदावर असल्यास तें अवश्य ताडून पहावें.

ही तारीख उगाच घेतली नाहीं. १७३७ पासून मराठ्यांकडे असलेलें ठाणें तेव्हांपासून इंग्रजांकडेच राहिलें. कल्याण १७८० त त्यांच्या हातीं पडलें तरी १७८२ च्या सालबाईच्या तहानें परत आलें व पेशवाईच्या अखेरीपर्यंत पेशव्यांकडे राहिलें. म्हणजे अवघ्या कांहीं कोसांवरच्या दोन गांवांत जवळजवळ चाळीस वर्षें अंमल निराळा, दप्तर निराळें. ठाण्याला ताम्रपटाचें भाग्य लाभलें : शके ९३९ चें अरिकेसरी शिलाहाराचें दानपत्र तेथें १७८७ त सांपडलें आणि दुसऱ्याच वर्षीं कलकत्त्यास छापून निघालें. उत्तर पेशवाईच्या मराठी खतांचा सांठा मात्र ठाण्यापेक्षां कल्याणांत मिळण्याचा संभव अधिक.

१ मे १८५४ रोजीं आगगाडी कल्याणास पोंचली आणि खाडीकडे तोंड करून बसलेलें गांव हळूहळू स्टेशनाकडे वळलें. त्या आधींच्या खतांतल्या चतुःसीमा आणि नंतरच्या खतांतल्या, ह्या वेगवेगळ्या वह्यांत उतरून घ्याव्या. ज्यांच्या घरीं असे कागद असतील त्यांनीं मूळ न दिलें तरी चालेल. मिति, विकणाऱ्याचें व घेणाऱ्याचें नांव, चार दिशा आणि साक्षीदार एवढी नक्कल मंडळाकडे यावी. मोडी लावण्याची अडचण असल्यास कागदाचें छायाचित्र पाठवावें, वाचन येथें करून दिलें जाईल.